आरती झाली तरी उतरत नव्हतं

दाजींचा फोन आला तेव्हा मी वापीला कंपनीच्या गेटवर चहा पीत होतो. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे मालक. "अक्का गयी रे भाऊ," ते म्हणाले. रडू आलंच नाही. हे खरं की मलाच ऐकू आलं, एवढंच मनात आलं. शेजारी नशिराबादचा गजानन होता, खोलीत आम्ही सोबत राहतो. त्याच्या कानाला फोन लावून म्हटलं, तू ऐक, काय म्हणताहेत ते सांग. त्याने ऐकलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला... तेव्हा कुठे अक्का माझ्यासाठी गेली.

मी नववीत शाळा सोडली. फळ्याकडे लक्ष लागेना, कारण मागून कुणीतरी सारखं बोलायचं आणि मागे तर भिंत. जेवणात काही घातलंय असं वाटायचं. एरंडोलजवळच्या आमच्या गावात श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. बायकांच्या अंगात येतं, लोक पाया पडून प्रश्न विचारतात. त्या वर्षी विसर्जनाच्या सकाळी मी त्या आवाजांना मोठ्याने उत्तरं देऊ लागलो आणि लोकांनी माझ्यापुढे नारळ फोडला. खुद्द दाजींनी विचारलं, बोअरला पाणी लागेल का. मी म्हणालो, लागेल. आणि लागलं.

त्यानंतर सुटका नव्हती. घरचेच मला देवघरात बसवायचे. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाच्या पोरीचं जमत नव्हतं. उठावं तर आवाज सांगायचा, उठलास तर घरातलं कुणीतरी मरेल. बसावं तर समोर रांग. अंघोळ सुटली, झोप गेली, हसणं गेलं. लोक म्हणायचे, देवाचं पोर असंच असतं.

अक्का दाजींसोबत सासरहून, शिरपूरहून आली आणि दारात उभी राहून नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बायास्ना अंगमा येस, आरती व्हयनी का उतरी जास. याना उतरत नही. हाऊ बिमार शे." दाजी चिडले, "तुले देवीपेक्षा जास्त समजस का?" ती म्हणाली, "देवीले समजस. तुमलेच समजत नही. पाणी पेवाले भेटनं ना, आते सोडा त्याले." आणि माझा हात धरून रांगेतून बाहेर काढलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. अक्काला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. मेंदूतल्या रसायनांचा तोल जातो, काहींच्या घराण्यात असतं, ताणाने वर येतं, असं डॉक्टर म्हणाले. यात कुणाचं पाप नाही, पोराचंही नाही. तिने विचारलं, बरा होईल का? ते म्हणाले, काहीजण अगदी बरे होतात, काहींना गोळ्या कायम लागतात, पण कामधंदा करता येतो. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत.

आवाज पुसट झाले, पुरते गेले नाहीत. म्हणून अक्काने ठरवून दिलं होतं. शंका आली की फोन लावायचा. "अक्का, हे खरं शे का?" ती कधी हसली नाही. घरात पाहुणे असले तरी पदराआड बोलायची, "नही रे भाऊ, खरं नही. जेव." त्या एका माणसाच्या भरवशावर मी एवढ्या लांब नोकरी केली. हे छापून आलं तर कंपनीत कळेल, याची धास्ती आहे. पण न लिहावं तर ती कोण होती हे कुणालाच कळणार नाही.

कार्य आटोपून परत आलो आणि दुसरीच पंचाईत झाली. जेवायला बसलो की अक्काचा आवाज येऊ लागला... "भाऊ, जेवना का?" ही आठवण की आजार, विचारायचं कुणाला? आणि गोळी घेतली तर हा आवाजही जाईल, म्हणून गोळी हातातच राहू लागली.

एका संध्याकाळी दाजींचा फोन आला. "गोळी लिधी का?" यापूर्वी त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं, अक्का बोलते म्हणून घेत नाही. मला वाटलं, आता म्हणतील ये शिरपूरला, नोकरी सोड.

"मालेबी ऐकू येस रे," ते म्हणाले. "चूल्हापासून हाक मारस. मी तर गोळी बी खात नही... तू ले."

मी गोळी घेतली. पाण्याचा घोट ऐकू येईपर्यंत दाजींनी फोन ठेवला नाही. अक्काही ठेवायची नाही.