रूलोफसाठी वाट दाखवणारं यंत्र

रूलोफ फेल्डहाउस म्हणजे आमच्या डाल्फसेन गावचा जुना पोस्टमन. निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात तंबू, स्टोव्ह आणि खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या सायकलवर लादून एकट्यानंच भटकायला निघायचं, हा त्याचा नेम. नकाशा त्यानं कधी उघडला नाही. आमच्या सायकलवाटांवर फाट्याफाट्याला आकड्याचा खांब असतो. निघताना आकडे चिकटपट्टीवर लिहून हँडलला चिकटवायचे आणि एका आकड्यावरून पुढच्यावर जायचं, झालं. "आकडे बायकोसारखे उलट बोलत नाहीत," असं तो सिट्स्केच्या तोंडावर म्हणायचा, आणि ती खुशाल हसायची.

या वसंतात तो बेकरीतून घरी येताना दोनदा चुकला. तेव्हा सिट्स्के त्याला ओढतच माझ्या सायकलच्या दुकानात घेऊन आली.

"हेन्नी, याला एखादं यंत्र दे. ते घेतलं तरच एकटा जाईल, नाहीतर सायकलला कुलूप."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" रूलोफ तडकला.

मी तीन यंत्रं मांडली आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. उन्हात काचेवरचं दिसतं का, ते दारात जाऊन पाहिलं. तंबूत चार्ज कसं करायचं, ते विचारलं. मोठ्या पडद्याचं बाजूला सारलं, देखणं होतं तरी. "पावसात ओल्या बोटांनी काच चोळत कोण बसणार?" शेवटी त्यानं जाड बटणांचं उचललं. एक बटण दाबलं की घराकडे बाण. आंधळ्यालाही जमेल असं. त्याची पारख अजून शाबूत आहे, म्हणून मीही हुरळले. सिट्स्के मात्र त्याच्याकडून ते बटण पुन्हापुन्हा दाबून घेत होती.

आठवडाभरात तो निघाला, संध्याकाळपर्यंत परत येतो म्हणून. पट्टीवर शेवटचा आकडा चौसष्ट, आमच्या पुलाजवळचा. आता हे आकडे शंभराच्या आत संपतात आणि पुढच्या भागात पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रूलोफला तर असायलाच हवं होतं. दुपारी कुण्या शेतकरणीचा सिट्स्केला फोन आला. आम्ही माझ्या गाडीनं धावलो. पार दुसऱ्या भागातल्या चौसष्टपाशी तो बाकावर बसला होता.

"पूल कुठे गेला?" तो माझ्यावरच खेकसला. "हा चौसष्ट आहे. इथे पूल असतो."

"यंत्र कुठाय, रूलोफ?" सिट्स्केनं विचारलं.

ते पिशवीत, स्वेटरखाली, बंद करून ठेवलेलं.

"सारखं केकाटत होतं. वाट चुकलास, मागे फीर! माणसानं किती ऐकून घ्यायचं?"

यंत्राची काहीच चूक नव्हती, तरी मला त्याचाच संताप आला. दुसऱ्या कुणाचा करणार? माझ्या दुकानात झाडून सगळी यंत्रं आहेत, पण ज्याला आपण चुकलोय हेच पटत नाही, त्याच्यासाठी एकही नाही.

सायकलला कुलूप लागलं. यंत्र सिट्स्केनं माझ्याकडे आणून दिलं. घरात दिसलं की तो सायकल मागायचा.

आता दर शनिवारी तो तिच्या हाताला धरून चालत येतो. "हेन्नी, उन्हाळ्यात निघायचंय. वाट दाखवणारी यंत्रं मिळतात म्हणे?"

मी तिन्ही मांडते. त्यातलं एक त्याचंच असतं. तो उन्हात धरून बघतो, चार्जिंगचं विचारतो, ओल्या बोटांचं बोलतो आणि बरोबर तेच उचलतो. सिट्स्के कोटाच्या खिशात हात घालून उभी असते. किल्ली तिथेच असते.

परवा त्यानं ते जाड बटण दाबलं. बाण फिरला आणि पडद्यावर त्यांची गल्ली आली. तो लहान मुलासारखा हरखला.

"सिट्स्के, इकडे ये, बघ! याला आपलं घर कसं गं माहीत?"

"हुशार आहे ते," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी घेऊ हं."

"तोवर दुसऱ्या कुणी नेलं तर?"

"नाही नेणार," मी म्हटलं. "तुझ्यासाठी बाजूला ठेवते."