डॉक्टरांना न सांगितलेलं नातं

सुरेखा नाकासमोर चालणारी बाई. यवतमाळहून लग्न करून दिल्लीला आली, द्वारकेत फ्लॅट झाला, पण कुणाशी वाकडा शब्द नाही. खोटं ती आयुष्यात एकदाच बोलली, आणि बाईने ते बोलावं कुठे, तर इस्पितळात!

तिचा नवरा समाधान सरकारी कचेरीत होता. तो तिच्या सख्ख्या आत्याचा, मीराबाईंचा मुलगा. आपल्याकडे यात कसलं आलंय नवल? पण दिल्लीत आल्या आल्या शेजारणीने "हाय राम, भाई से शादी?" म्हणून नाक मुरडलं, आणि सुरेखाने तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

त्यांचा सिद्धांत सात वर्षांचा. हातपाय काड्या, पोट मात्र टम्म. चरबी मोडणारं एक एन्झाइम त्याच्या अंगात बनतच नव्हतं. आजार आईबापांकडून आलेला, लाखात एखाद्याला होणारा. औषधाची किंमत ऐकूनच छाती दडपावी. पण एका संशोधनात निवडलेल्या मुलांना ते फुकट मिळणार होतं. डॉक्टरीणबाईंनी घराण्याचा तक्ता काढायला घेतला. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल.

"शादी से पहले आप दोनों की कोई रिश्तेदारी थी?"

लाज तर होतीच, वर पोराचं नाव कापतील ही धास्ती. "जी नहीं," सुरेखा म्हणाली. समाधान खाली मान घालून बसला.

"फिर बाकी घरवालों को खास डर नहीं," बाई म्हणाल्या.

औषध लागू पडलं. दर पंधरा दिवसांनी सलाइन. पोट उतरलं, पोरगं जिने चढायला लागलं. सुरेखाला आभाळ ठेंगणं झालं होतं. तशात धाकट्या बहिणीचा, उल्काचा फोन आला. तिचं समाधानच्या भावाशी, हरीशशी जमत होतं.

"ताई, सिद्धांतसारखं काही होणार नाही ना गं आमच्याकडे?"

"छे! डॉक्टरांनीच सांगितलंय, घरच्यांना भीती नाही."

लग्न धूमधडाक्यात झालं.

पुढे संशोधनासाठी घेतलेल्या रक्ताचा अहवाल आला. बाईंनी नवराबायकोला समोर बसवलं. "दोनों में बिल्कुल एक ही गड़बड़ है. लगता है एक ही घर से आई है. सच बताइए."

सुरेखाने आत्याचं नाव घेतलं. बाई रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "इस वजह से बच्चे को कोई नहीं निकालता," त्या म्हणाल्या. "घर में ऐसी और कोई शादी?"

सुरेखाने उल्का-हरीशचं लग्न सांगितलं. उल्काला तिसरा महिना लागला होता! अगं बाई, हे मी काय करून बसले, एवढंच तिच्या डोक्यात घुमायला लागलं.

"दोनों का खून जल्दी जाँचना होगा. हो सकता है कुछ न निकले," बाई म्हणाल्या. सुरेखाला ते नीट ऐकूही आलं नाही.

बाहेर आल्यावर समाधान म्हणाला, "मी बोलतो हरीशशी."

"नाही. उल्काने मला विचारलं होतं."

तिने आवारातूनच मोबाइल लावला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

"म्हणजे भीती नाही म्हणाले, ते..."

"मी खोटं सांगितलं, म्हणून म्हणाले गं."

"मी तुला विचारलं होतं, ताई," उल्का म्हणाली. पुन्हा एकदा तेच म्हणाली. मग तिने विचारलं, रक्त द्यायला कधी यायचं.