खंडेनवमीची बंदूक

दातांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं काढली, की थुंकी, रक्त, पू, कुजकी दाढ, कशाचंच मला काही वाटत नाही. पण माझ्या भाचीच्या त्या खेळाच्या मैदानावर पहिल्यांदा गेले तेव्हा मला मळमळलं. शेंबड्या पोरी. सोळा-सतरा वर्षांच्या, देखण्या, चांगल्या घरच्या पोरी, आणि नाकातून शेंबूड हनुवटीपर्यंत आलेला, तो पुसायलासुद्धा हात रिकामा नाही. धावता धावता एक नाकपुडी दाबून शिंकरायचं, बाजूला थुंकायचं, आणि शेवटची रेघ ओलांडली की जमिनीवर पडून ओकायचं. वर आईबाप टाळ्या वाजवणार. शी.

या खेळाचं नाव बायॅथलॉन. पायात स्की, पाठीवर बंदूक. जीव जाईस्तोवर पळायचं, मग एकदम थांबून, छाती भात्यासारखी हलत असताना, लांबच्या पाच काळ्या टिकल्यांवर नेम धरायचा. एकदा आडवं पडून, एकदा उभं राहून. टिकली चुकली की शिक्षेची जादा फेरी. बर्फ नसेल तेव्हा डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर हेच सगळं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल कोण जाणे.

माझी भाची अनन्या मात्र या खेळासाठी वेडी होती. आमचा शशी, म्हणजे माझा धाकटा भाऊ शशिधर, इथे जर्मनीत रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. त्याची बायको हाइके इस्पितळात नर्स, तिच्या शनिवार-रविवारी ड्यूट्या. शशीला गाडी चालवायचा कंटाळा. त्यामुळे पोरीला जंगलातल्या त्या ट्रेनिंग सेंटरला न्यायचं-आणायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. मी कुरकुर करायची आणि न्यायची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी म्हणायची, "नाक पूस गं." ती म्हणायची, "या, या, आत्या," म्हणजे जर्मनमध्ये हो, हो, आणि बाहीला पुसायची.

पण मेहनत खरी होती पोरीची. उजाडायच्या आत डोनाऊ नदीच्या काठच्या सायकलवाटेवर चाकांच्या स्की लावून निघायची. संध्याकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडायची. बंदूक नाही, गोळी नाही, नुसता लाकडी दांडका हातात धरून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत श्वास कसा सोडायचा त्याचा सराव. तो ठिपका तिनेच काढला होता, माझ्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. नंतर कळलं की तिच्या घरी तिला असं पडायला जागाच मिळत नाही, कारण शशीचे मित्र सदा बसलेले असतात.

खरी बंदूक शशीच्या घरी लोखंडी कपाटात. तिचा कायदा फार कडक होता. बंदूक कुलपात राहिली पाहिजे, किल्ली परवानेवाल्याकडेच, म्हणजे शशीकडे, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पोरीनेसुद्धा मैदानावरच हातात घ्यायची. एवढ्या एका गोष्टीने शशीची छाती फुगली होती. मुलगी धावणार, मुलगी ओकणार, आणि हा किल्लीवाला. मंडळाच्या गणपतीत कुणी भेटलं की पहिलं वाक्य, "आमच्याकडे रायफल आहे, बरं का." मुलगी आहे हे दुसऱ्या वाक्यात.

बंदुकीबरोबर तो माझ्या गाडीतून मैदानावर यायचा आणि मॅगझिनही तोच भरायचा. मॅगझिन म्हणजे पाच गोळ्यांची छोटी डबी, तशा चार डब्या बंदुकीच्या दस्त्यात खोचलेल्या असतात. अनन्याचे ट्रेनर ब्रुनर यांचा नियम होता की ज्याची डबी त्याने स्वतः साफ करायची आणि स्वतः भरायची. शशीला तो अपमान वाटायचा. मी इंजिनियर आहे, मला शिकवतो का हा जंगलातला माणूस. म्हणून ब्रुनरच्या नजरेआड, पार्किंगमध्ये, गाडीच्या डिकीत वाकून साहेब डब्या भरायचे. पोरगी बाजूला उभी राहून इकडेतिकडे बघायची, कुणी पाहत नाही ना म्हणून.

२००७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. दसरा रविवारी होता आणि त्याच रविवारी अनन्याची निवड चाचणी होती. पहिल्या सहा जणींना राज्याच्या संघात घेणार, खेळाच्या निवासी शाळेत जागा, स्की, ट्रेनर, सगळं संघाचं. सातवीला काही नाही. सोळाव्या वर्षी संघात गेली नाही तर पुढे कुणी विचारत नाही. गेल्या महिन्याभरात ती सरावात तिसरी-चौथी येत होती. ब्रुनर कधी कुणाचं कौतुक न करणारा माणूस, तोसुद्धा मला म्हणाला होता, डोकं शांत ठेवलं तर ही जाईल. पोरीने गाडीत ते तीनदा माझ्याकडून वदवून घेतलं.

आणि शनिवारी खंडेनवमी. शशीने घरी पंचवीस माणसं बोलावली. दरवर्षी तो स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप आणि गाडी यांची पूजा करायचा, तोवर ठीक होतं. या वर्षी त्याला खरं शस्त्र सापडलं होतं. हाइके ड्यूटीवर, अनन्या चाचणीच्या आदल्या दिवशी हलकं धावायला गेलेली. मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होते. बाहेर एकदम हशा-टाळ्या झाल्या म्हणून डोकावले, तर बैठकीच्या मधोमध पाटावर लाल कापड, त्यावर पोरीची बंदूक.

मी म्हटलं, "शशी, कपाटात ठेव ती. उद्या चाचणी आहे."

"ताई, तू पुऱ्यांचं बघ," तो म्हणाला. "वर्षाचा सण आहे. शस्त्राला मान द्यायचा असतो."

दिला की मान. बंदुकीला हळदीकुंकवाची बोटं ओढली. दस्त्यातल्या चारही डब्या उपसून ताम्हनात उताण्या मांडल्या, त्यावर ओल्या कुंकवाच्या अक्षता मूठ मूठ टाकल्या. झेंडूची फुलं, उदबत्ती, निरांजन. इथवरही मी एकवेळ समजून घेतलं असतं. पण आरती झाल्यावर जे चाललं ते पाहून माझ्या अंगावर शहारा आला. श्यामकांत नावाचा त्याचा मित्र, पन्नाशीचा, पोट सुटलेला, त्याने श्रीखंड खाऊन बोटं चाटली आणि त्याच बोटांनी बंदूक उचलून खांद्याला लावली. एक डोळा मिटून म्हणतो, "शशिधरराव, काढा फोटो." मग दुसरा. मग तिसऱ्याच्या बायकोला पाहिजे. पोरगी ज्या जागी गाल टेकवते तिथे हे लोक आपले तेलकट गाल टेकवत होते. शशी दारात उभा राहून प्रत्येकाला कसं धरायचं ते दाखवत होता. त्याने स्वतः आयुष्यात एक गोळी झाडली नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्याने नॅपकिनने बंदूक पुसली, डब्या झटकून दस्त्यात खोचल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. अनन्या घरी आली तेव्हा घरात नुसता धुपाचा वास. तिने मला जर्मनमध्ये विचारलं, कुणी आलं होतं का. मी म्हटलं, "तुझ्या बाबांची बंदूक बघायला आले होते सगळे." तिचा चेहरा पडला. जेवून झोपली.

रविवारी पार्किंगमध्ये नेहमीसारखी डिकी उघडली. शशी डब्या भरत होता. "आज जरा घट्ट जातायत," म्हणाला. "थंडी आहे ना." अनन्या म्हणाली, बाबा, मला बघू द्या. चक्क मराठीत म्हणाली. त्याने हात बाजूला केला तिचा. "माझ्यावर विश्वास नाही का तुझा? जा, वॉर्म-अप कर."

शर्यतीआधी नेम जुळवायच्या गोळ्या क्लबच्या वेगळ्या डब्यांतून मारतात. ते व्यवस्थित झालं. मग शर्यत सुरू झाली. पहिली फेरी तिने अशी मारली की माझ्याही तोंडून शाबास निघून गेलं. आडवी पडली, पहिली टिकली पांढरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग तिने खटका ओढला आणि गोळी आलीच नाही. पुन्हा ओढला. पुन्हा. डबी काढली, सतरंजीवर आपटली, दोन गोळ्या ओलावलेल्या डांबरावर घरंगळल्या. त्या तिने बोटांनी पुसून, एकेक करून नळीत घातल्या. शेजारच्या पोरी आल्या, पाच झाडल्या आणि गेल्या. ही तिथेच. उभ्याने झाडायच्या वेळी दुसरी डबी, तर दुसऱ्याच गोळीला तेच. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा पाटीवर तिच्या नावापुढे अकरा आकडा होता. ती ओकली नाही त्या दिवशी. नुसती वाकून उभी राहिली.

शशी जाळीला धरून ओरडत होता, "कॉन्सन्ट्रेट करत नाहीस."

ब्रुनर आला. त्याने पोरीला बाजूला घेतलं, मी टॉवेल घेऊन तिथेच होते. अनन्याने डबीचं बूड उघडलं, स्प्रिंग ओढली, आणि तिच्या तळहातावर तांदळाचे दोन दाणे पडले. लाल. दुसऱ्या डबीतून आणखी एक. ब्रुनरने वाकून पाहिलं, पण त्याला काय कळणार. अनन्याला कळलं. तिने दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जाळीपलीकडे उभ्या बापाकडे.

ब्रुनरने सरळ विचारलं. "या बंदुकीला दुसऱ्या कुणी हात लावलाय का? तसं असेल तर सांग. पुढच्या रविवारी दुसऱ्या गटाबरोबर तुला पुन्हा पळू देईन. पण मग मला ते कळवावं लागेल."

कळवलं की शशीचा परवाना गेला, वर पोलिसांचा ससेमिरा. न कळवलं की पोरीची जागा गेली. हे तिला माझ्याआधी समजलं होतं. मी तोंड उघडलं, तर तिने माझं मनगट असं दाबलं की बोटं उमटली.

"नाही," ती म्हणाली. "मीच भरल्या डब्या. मीच साफ केल्या नाहीत."

ब्रुनर म्हणाला, ज्याला स्वतःची बंदूक साफ ठेवता येत नाही त्याला मी संघात कसा घेऊ. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. तो गेला. अनन्याने ते दाणे जाकिटाच्या खिशात टाकले आणि चेन लावली.

परतीच्या वाटेवर शशी मागे वळून वळून बोलत होता. बंदूक साफ ठेवायला किती वेळा सांगितलं, इतकी साधी गोष्ट, बेजबाबदार आहेस. ब्रुनरने त्याला पोरीचं उत्तर सांगितलं होतं आणि यानं ते निमूट उचललं होतं. डब्या कुणी भरल्या हे विसरला होता की काय, देव जाणे. गाडी मी चालवत होते. एकदा वाटलं बाजूला थांबवून याला उतरवावं, त्या जंगलात, चालत ये म्हणावं. पण पोरगी काचेला डोकं लावून बसली होती, तिच्यासाठी गाडी तशीच पुढे नेली.

संध्याकाळी सोनं लुटायला पुन्हा तीच माणसं. आपटा इथे कुठला, आम्ही गिंको नावाच्या झाडाची पानं वापरतो. ऑक्टोबरात ती पिवळीधमक होतात आणि मधे फाटलेली असतात, आपट्यासारखीच दिसतात. श्यामकांतने विचारलं, काय झालं हो चाचणीचं. शशीने उसासा टाकला. "काय सांगणार. आम्ही सगळं करायचं, शस्त्राची पूजासुद्धा केली. पण हिला बंदूक साधी साफ करून ठेवायचं भान नाही. या इथल्या मुलांना कशाची किंमतच नसते." लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी च्च च्च केलं. मला तिथल्या एकेका तोंडाची शिसारी आली.

अनन्या आतून आली. चांगला पंजाबी ड्रेस घातला होता, केस विंचरलेले, नाक स्वच्छ. सगळ्या मोठ्यांना वाकून नमस्कार करत, एकेक पिवळं पान हातावर ठेवत आली. कौतुकाने बघत होते सगळे. शेवटी शशीपुढे वाकली. आशीर्वाद पुटपुटत त्याने उजवा हात पुढे केला. तिने त्या तळहातावर पान ठेवलं नाही. ड्रेसच्या खिशातून तीन लाल तांदूळ काढले आणि एकेक करून ठेवले.

"सोनं घ्या, बाबा," ती म्हणाली. मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सोन्यासारखे राहा."

बाकीच्यांना काही उमगलं नाही. श्यामकांत हसला, म्हणाला, अक्षता दिल्या वाटतं पोरीने, हुशार आहे. शशी हसला नाही. त्याने मूठ मिटली, ती त्या संध्याकाळी पुन्हा उघडलीच नाही. कुणी सोनं द्यायला आलं तर डावा हात पुढे करत होता.