टिंबानंतरची सहा शून्यं

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोकं फिरतं. तेव्हा मी चिकोडी तालुक्यातल्या एका ठाण्यात अधिकारी होतो. एक शेतकरी सकाळीच बोंबलत आला. त्याची म्हैस मेली होती आणि बांधावरून वैर असलेल्या शेजारच्या आप्पांनी विहिरीत विष टाकलं, असा त्याचा आरोप होता. पोस्टमॉर्टम न करता म्हैस पुरूनही मोकळे झाले होते हे लोक! मी पाण्याचा नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवला.

अहवाल इंग्रजीत आला. आमच्या सीमाभागात एक कागद तीन भाषांतून फिरतो. ठाण्यातल्या रायटरने, म्हणजे कारकुनाने, तो हाताने कन्नडमध्ये उतरवला, त्यावरून दुसऱ्याने मराठी प्रत केली. माझ्यासमोर आलं, लिटरमागे ०.००४ ग्रॅम कीटकनाशक. मी आप्पांना उचललं.

"साहेब, आमी जैन माणसं. मुंगी मारत न्हाय, म्हस कशाला मारू?"

"आत आल्यावर सगळे संतच असतात," मी खेकसलो.

सूर्य मावळल्यावर आप्पा जेवत नसत. कोठडीत जेवण यायचं दिवेलागणीनंतर. ताट तसंच परत जायचं. तिकडे गावाने त्यांच्या घरचं दूध घेणं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी आमची महिला कॉन्स्टेबल मूळ अहवाल घेऊन आली. ती रसायनशास्त्राची पदवीधर.

"सर, शून्यं मोजा जरा."

मूळ अहवालात ०.००४ नव्हतंच. पेनाचं टोक टेकवत तीनदा मोजलं, दरवेळी वेगळा आकडा आला. शेवटी तिनेच सांगितलं, "०.००००००४. टिंबानंतर सहा शून्यं, मग चारचा आकडा." कन्नडमध्ये त्यातली चार शून्यं उरली, मराठीत दोन. पाणी दहा हजारपट विषारी आमच्या ठाण्याने केलं होतं! तेवढं औषध तर तंबाखूच्या पिकावरच्या फवारणीतूनही उडून येतं.

चिडून प्रयोगशाळेला फोन लावला. "असले आकडे दहाच्या घातात लिहायचे असतात, कळत नाही?"

तिथला तपासनीस म्हणाला, "साहेब, पहिल्या अहवालात मी चार गुणिले दहाचा उणे सातवा घात असंच लिहिलं होतं. तुम्हीच फोन केलात, 'असलं कोडं नको, सरळ आकडा लिहा' म्हणून."

खरं होतं. पंचवीस मिलिलिटरसारख्या साध्या मापाला दहाचा घात लावणं हा शहाणपणा नव्हे. पण शून्यं एका नजरेत मोजता येईनात, तिथे घातच लिहावा. हे मला शाळेत शिकवलं होतं.

आप्पांना सोडलं, हात जोडले, चूक कबूल केली. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, सा शून्यं मोजाय किती येळ लागतो वो?"