ग्लाफिराची अळणी हंडी

आमच्या गावात लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नवरी कशी दिसत होती, हे कुणी विचारत नाही. आर्सेनीने सार्माल्यांना काय नावं ठेवली, हे विचारतात. कोबीच्या पानात तांदूळ आणि खिमा भरून वळलेल्या या गुंडाळ्या आमच्याकडे करंगळीएवढ्याच करायच्या असतात. त्याहून जाड झाल्या तर बायका म्हणतात, ही डोंगरापलीकडून आलेली दिसते. ग्लाफिराच्या तर करंगळीहूनही बारीक. माझ्या बोटांनी एक उचलायला गेलं की तीन हाती लागतात, आणि मी काही त्या परत ठेवत नाही.

आसपासच्या सात गावांत लग्नाचा स्वयंपाक तीच करते. चुलाणं पेटवायला तीस वर्षं मी तिच्याबरोबर आहे, म्हणून सांगतो: या बाईचं डोकं संकटात जास्त चालतं. मित्रोफानच्या लग्नात बकरीने कोबीची सगळी पानं खाल्ली. ग्लाफिराने गुपचूप पाद्रीबाबांच्या मांडवावरची द्राक्षाची पानं उतरवून आणवली आणि त्यात सार्माले वळले. पाद्रीबाबांनी दोनदा मागून घेतले, तोंडभर आशीर्वाद दिला आणि घरी जाऊन बघतात तर वेल उघडाबोडका. त्या दिवशीही आर्सेनी म्हणाला होता, "पानं जरा जून आहेत."

आर्सेनी म्हणजे तिचा थोरला भाऊ. प्रत्येक लग्नात काटा खाली ठेवून तो काहीतरी खोट काढायचाच. "ग्लाफिरा, तांदूळ कच्चा राहिलाय," तो म्हणाला की चुलीजवळून उत्तर यायचं, "दादा, दात तुझे हललेत, तांदळाला कशाला बोल लावतोस?" अर्धा मांडव जेवणापेक्षा यासाठी थांबायचा.

मग आर्सेनीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्याची गाडी यायची, त्याला शहरात न्यायची, तिथे यंत्र त्याचं रक्त धुऊन द्यायचं. मीठ खायचं नाही. मीठ खाल्लं की तहान लागते, तहान लागली की पाणी प्यावं लागतं, आणि प्यायलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. ते पायांत उतरतं, छातीत चढतं. आता आमचे सार्माले म्हणजे काय, तर हिवाळाभर पिंपात मिठाच्या पाण्यात मुरवलेला कोबी, वर धुरावलेलं डुकराचं मांस, वर टोमॅटो. तिन्ही गोष्टींवर दवाखान्याने काट मारलेली; टोमॅटो-बटाट्यातला क्षार म्हणे अशा माणसाच्या काळजाला बाधतो.

तीन वर्षं तो लग्नांना आलाच नाही. घरी उकडलेला बटाटासुद्धा दोनदा पाणी बदलून खायचा. मी भेटायला गेलो की म्हणायचा, "कोस्ताके, चव गेली की माणसाला मतच उरत नाही रे."

मग त्याच्याच मुलीचं, इलिंकाचं लग्न ठरलं. आणि या गृहस्थाने जाहीर केलं की आपण चर्चमध्ये येऊ, मांडवात येणार नाही. "रिकामी थाळी घेऊन बसलो की निम्मे लोक मला खाऊ घालायला येतील आणि निम्मे रडायला. पोरीचं लग्न आहे, माझं मयत नाही."

इलिंका रडत आत्याकडे गेली. ग्लाफिराने तिला बसवलं, डोळे पुसायला फडकं दिलं आणि सांगितलं, "तुझा बाप मांडवात बसेल, माझे सार्माले खाईल आणि नावं ठेवेल. नावं ठेवली नाहीत तर मी पळी खाली ठेवीन. कायमची."

दुसऱ्या दिवशी ती आर्सेनीला न्यायला येणाऱ्या दवाखान्याच्या गाडीतून शहरात गेली आणि तिथल्या आहार सांगणाऱ्या मुलीसमोर जाऊन बसली. ती पोरगी नातीच्या वयाची, पण ग्लाफिराने वही काढून तिचा शब्द न् शब्द उतरवला. ताजा कोबी चालेल, पण भरपूर पाण्यात उकळायचा, ते पाणी फेकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचा. ताजं मांस चालेल, धुरावलेलं नाही. तांदूळ चालेल. आंबटपणाला शिरका, म्हणजे व्हिनेगर. आणि एका वेळी किती? पोरीने विचारलं, "आजी, तुमची एक गुंडाळी केवढी असते?" ग्लाफिराने करंगळी पुढे केली आणि तिचंही वरचं पेर दुसऱ्या हाताने झाकलं. पोरगी हसली, म्हणाली, "मग पाच."

पहिली हंडी झाली ती ओल्या पोतेऱ्याच्या चवीची. मी खाल्ली आहे, खोटं कशाला बोलू? आर्सेनीने खाल्ली आणि मान खाली घालून म्हणाला, "छान झालेत." ग्लाफिरा तिथून उठली ती थेट माझ्या अंगणात. "कोस्ताके, तो छान म्हणाला. मला छान म्हणाला." तिचा आवाज असा, जणू कुणी गेल्याची बातमी आणली आहे.

त्यानंतर सहा आठवडे तिच्या धुराड्याला विश्रांती नव्हती. कांदा आधी चरबीत बदामी करून बघितला. शेपूच्या काड्या तळाशी पसरल्या. कुंपणाशी उगवतो तो उग्र वासाचा पाला वाळवून चुरला. शिरका आधी घातला तर पान चामड्यासारखं होतं, हे तिसऱ्या हंडीत कळलं. शेवटी घातला तर पान आणि आंबटपणा एकमेकांशी बोलत नाहीत, हे पाचव्या हंडीत. प्रत्येक वेळी आर्सेनी म्हणे, "छान." प्रत्येक वेळी ती हंडी उचलून निघून जाई.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवामागे आठ मोठ्या हंड्या आणि एक लहान. ग्लाफिराने मला लहानीजवळ स्टूल मांडून दिलं. "इथून हलायचं नाही. यात मीठ नाही, आणि आपल्या बायका कशा आहेत ते तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. आमच्याकडची बाई दुसरीच्या हंडीवरून न चाखता पुढे जात नाही, आणि चाखलं की चिमूट टाकल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नाही. तासाभरात दोघींना मी मूठ उघडायला लावली. तिसऱ्या पाद्रीणबाई. "अहो कोस्ताके, एक कण. बिचाऱ्याच्या पोरीचं लग्न आहे."

"पाद्रीणबाई, एका कणाने तो उद्या तुमच्या यजमानांकडे येईल. आडवा."

त्या गेल्या. मी खूश. मग मोठ्या चुलीतलं लाकूड सरकलं म्हणून दहा पावलं गेलो आणि वळून बघतो, तर माझीच बायको आग्लाया झाकण ठेवून एप्रनला हात पुसते आहे.

"काय केलंस?"

"काही नाही. चाखलं. शी, काय ते अळणी. चिमूटभर टाकलं फक्त."

मी ग्लाफिराला हाक मारली. ग्लाफिराने येऊन पळीच्या टोकाने चाखलं आणि शांतपणे म्हणाली, "चिमूटभर नाही, मूठभर आहे. बरं झालं. ही आता पाव्हण्यांना वाढा."

"आणि आर्सेनी?"

तिने कमरेची किल्ली दाखवली. खरी हंडी तिच्या घरी, तिच्याच चुलीवर, कुलपात शिजत होती.

"म्हणजे मी सकाळपासून कशाची राखण करतोय?"

"बायकांची. राखणदार बसलेला दिसला की त्यांना वाटतं, इथेच काहीतरी कमी आहे. तू नसतास तर त्या माझं घर शोधत आल्या असत्या."

मी स्टूल उचललं आणि तिच्यामागून ती खरी हंडी आणायला गेलो. झाकण उघडलं तेव्हा मला राग आठवेनासा झाला, असा वास.

आर्सेनीला चर्चमधून मांडवात आणलं ते इलिंकाने, दंडाला धरून, ओढत. तो मधल्या टेबलाशी कोट न काढता बसला, कधीही उठून जाता येईल असा. ग्लाफिराने स्वतः थाळी आणली. पाच सार्माले, बाजूला मक्याचा अळणी सांजा. वादकांनी हात थांबवले; त्यांनाही सगळं ठाऊक होतं.

त्याने एक गुंडाळी खाल्ली. हळूहळू चावली. दुसरी खाल्ली. मग काटा खाली ठेवला.

"ग्लाफिरा."

"काय दादा?"

"शिरका जास्त झालाय."

ग्लाफिराने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "काय म्हणालास?"

"शिरका जास्त झालाय म्हटलं. आणि या पानाची शीर नीट तासलेली नाही, दाताला लागते. आणि कांदा आणखी दोन मिनिटं परतायला हवा होता."

"तीन वर्षं गवत चघळणाऱ्याने मला कांदा शिकवावा?"

"गवताला निदान शीर नसते," आर्सेनी म्हणाला आणि कोट काढून खुर्चीवर टाकला.

मग जो हलकल्लोळ झाला तो काय सांगू. व्हायोलिनवाल्याने न सांगता सुरुवात केली, आग्लाया माझ्या खांद्यावर रडली, माझ्या कोटाला मीठ लागलं. आर्सेनीने पाचही संपवल्या आणि थाळी पुढे केली.

"सहावी नाही," ग्लाफिरा म्हणाली. "पाचच सांगितल्यात."

"पाच? मी लग्नाला आलोय की उपासाला?"

"नावं ठेवायला आलायस. ते झालं, आता नाच."

तो नाचला. तीन गिरक्या, मग बसला, पण नाचला.

आता दर गुरुवारी त्या दवाखान्याच्या गाडीत एक लहान हंडी जाते, कारण गाडीत आणखी सहा जण असतात आणि आर्सेनीने त्यांच्यासमोर खूप फुशारकी मारली. परवा त्यांच्यातली एक म्हातारी, पलीकडच्या गावची, ग्लाफिराला म्हणाली, "बाई, तुझे सार्माले देवाच्या हातचे."

आर्सेनी तिच्यावर खेकसला, "आजीबाई, तिची स्तुती करू नका, हात बिघडेल. काहीतरी खोट काढा."

म्हातारीने बराच विचार केला आणि म्हणाली, "कमी होते."