वजनाला पाठवलेला माणूस

वासावरून दारू ओळखण्यात मी लहानपणीच तयार झाले होते. वडील संध्याकाळी फाटकाशी आले की आई मला पुढे करायची, "जा, पाणी दे त्यांना." मी तांब्या देऊन आत यायचे आणि नुसती मान हलवून तिला सांगायचे, आज आहे की नाही. त्यावरून आई पुढची संध्याकाळ कशी काढायची ते ठरवायची. माझा अंदाज कधी चुकला नाही. त्यामुळे या एका बाबतीत मला कुणी काही शिकवू नये, असं मला फार वर्षं वाटत होतं.

लग्न होऊन मी नाशिकला आले. मी शाळेत शिकवत होते आणि नवरा पिंपळगावला द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात त्या पॅकहाउसवर सुपरवायझर होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आपल्याकडची द्राक्षं नुकती परदेशी जायला लागली होती. हंगामात ते पहाटे घर सोडायचे आणि गाडी भरून झाली की मिळेल त्या टेम्पोत बसून परत यायचे. डोळे लाल, पाय ओढत चालणं, आणि कपड्यांना तो वास. आंबूस, गोडसर, घशात चढणारा. पहिल्याच हंगामात मी दार उघडलं आणि मनातल्या मनात मान हलवली.

"द्राक्षांचा वास हाय गं," ते म्हणाले. "शेडच्या मागं फुटके मणी टाकतात, ते आंबतात. चल एकदा, दाखवतो."

"मला काय बघायचंय त्यात?"

माझे वडील छापखान्यात होते. तेही म्हणायचे, शाईचा वास आहे.

मी भांडले नाही. भांडले असते तर त्यांना निदान उत्तर तरी देता आलं असतं. मी फक्त धरून चालले. त्यांच्या हातात ग्लास मी एकदाही पाहिला नव्हता, पण न दिसण्याचाही मला अनुभव होता.

आमची मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी त्यांचे पाय सुजले. मग पोट वाढलं, डोळ्यांत पिवळी झाक आली. शहरातल्या एका रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई यकृताच्या आजारांवर अभ्यास करत होत्या. दारूला स्पर्श न केलेल्या माणसांचं यकृत आकसतं कशानं, हा त्यांचा प्रश्न होता. अशा रोग्यांचं रक्त त्या मुंबईला पाठवून महागड्या तपासण्या करून घ्यायच्या. जो पिणारा निघाला त्याचं कारण कळलेलंच असायचं. त्याला औषधं मिळायची, अभ्यासात जागा मिळायची नाही.

"दारू?" बाईंनी यांना विचारलं.

"नाय हो. चहा पितो, तो मात्र लय."

बाई हसल्या. "बरं. जा, समोरच्या खोलीत वजन करून या."

ते गेले. बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी प्रत्येक नवऱ्याला विचारते आणि प्रत्येक बायकोचं मानते," त्या म्हणाल्या. "पुरुष खोटं बोलतात हो, आणि मग आमचा सगळा अभ्यास चुकतो. तुम्ही सांगा. घेतात?"

"घेतात," मी म्हणाले. "लपून घेतात."

"कधीपासून?"

"लग्न झालं त्याच्याही आधीपासून असेल."

"किती?"

"मला दाखवून थोडेच घेतात?"

मी पाहिलेलं काय आणि मला वाटतं ते काय, हे बाईंनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगताना मला कसलाही संकोच वाटला नाही, हे इथे लिहिलंच पाहिजे. उलट बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला विचारलं होतं आणि माझी मान हलायची वाट बघत होतं.

ते वजन करून आले तोवर निकाल लागलेला होता. यकृत आकसलंय म्हणून पोटात पाणी होतंय, मीठ बंद, या गोळ्या, आणि दारू आजपासून सोडा.

"जी धरलीच नाय ती सोडू कशी, बाई?"

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या.

घरी येताना रिक्षात ते एवढंच बोलले, "डॉक्टरनं माझ्यावर विश्वास ठिवला नाय." मी बाहेर बघत राहिले.

अळणी जेवणानं आणि गोळ्यांनी पोट उतरलं. मला वाटलं, दारू सुटली. मनातल्या मनात त्याचं श्रेयही मी घेतलं. दिवाळीला त्यांच्या थोरल्या भावानं सगळ्या पंगतीत विचारलं, "काय रं, सुटली का नाय आता तरी?" ते ताटाकडे बघत म्हणाले, "मीठ सुटलं, दादा." सगळे हसले. मी वाढत होते, मीही हसले. हळूहळू त्यांनी नाही म्हणणंही सोडून दिलं. पॅकहाउसवरची माणसं चेष्टेनं विचारायची, आज किती झाली? ते म्हणायचे, "झाली तेवढी झाली." ते ऐकल्यावर मला माझं आणखीच खरं वाटायचं.

अशी काही वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत, भर दुपारी, पॅकहाउसवरच त्यांना रक्ताची उलटी झाली. टेम्पोतून थेट रुग्णालयात आणलं. आकसलेल्या यकृतामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटतात, असं बाईंनी सांगितलं. दुर्बीण घालून त्यांनी त्या बंद केल्या. रक्त बरंच गेलं होतं. त्यांचा भाऊ यायला वेळ होता, म्हणून मी म्हणाले, माझं घ्या.

रक्त दिलं. संध्याकाळी रक्तपेढीतल्या माणसानं मला बाजूला बोलावलं. "बाई, तुमची बाटली वापरता येणार नाही. तुम्ही डॉक्टरांना भेटा."

डॉक्टरीणबाईंनी मला बसवलं. माझ्या रक्तात कावीळ ब चा विषाणू होता. मला कधीच काही झालं नव्हतं, साधी कावीळसुद्धा नाही. काही माणसांत तो असा वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्या म्हणाल्या, आणि काहींचं यकृत पोखरतो. मग त्यांनी यांचं रक्त तपासायला पाठवलं. यांच्याही रक्तात तोच.

"ही तपासणी यांची आधी कशी झाली नाही?" बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग थांबल्या. यांना वजनाला पाठवलं होतं ती वेळ आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवली असावी.

"मी सांगितलं होतं, घेतात म्हणून," मी म्हणाले. "मी कधी पाहिलं नव्हतं."

"पाहिलं नव्हतं?"

"वास यायचा."

त्यांनी यांचा जुना केसपेपर काढून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही तसं सांगितलंत, हे खरं. पण मी एवढ्यावर थांबले. माझीही चूक आहे ती." त्यानंतर त्या सरसकट सगळ्यांची तपासणी करायला लागल्या, पिणारा असो वा नसो. मला मात्र त्यांची चूक ही चूक वाटली आणि माझी काहीतरी वेगळीच.

मुलीचं रक्त तपासलं तेव्हा निकाल येईपर्यंत मी रोज प्रयोगशाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहत होते. तिला काही नव्हतं. लस द्यायला सुरुवात झाली. हा विषाणू आम्हा दोघांत कुणाकडून कुणाकडे गेला, हे मी विचारलं. बाई म्हणाल्या, आता कळायला मार्ग नाही. म्हणजे तो माझ्याकडूनही गेलेला असू शकतो. हे यांना सांगितलं तेव्हा सलाईन लावलेल्या हातानं कपाळ चोळत ते म्हणाले, "हुंडा नको म्हणालो होतो तुझ्या बापाला. तरी दिलंच की काहीतरी."

त्यांचा डबा आणि कपडे पॅकहाउसवर राहिले होते, ते आणायला मी पिंपळगावला गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत बायका कात्रीनं घड नीट करत होत्या. मी न विचारता शेडच्या मागे वळले.

"बाई, तिकडं नका जाऊ," एक जण ओरडली, "चपला चिकटतील."

क्रेटमध्ये फुटके मणी उन्हात फसफसत होते. वर माश्या, खाली चिकट काळा रस. आणि वास. आंबूस, गोडसर, घशात चढणारा. मी तिथे उभी राहिले. हा वास मी कितीतरी वर्षं यांच्या शर्टातून धुऊन काढला होता.

दारू नव्हती, हे आता सगळ्यांना कळलं. ते बरे होऊन घरी आले ते ताठ मानेनं. "बघितलं? मी बोंबलून सांगत होतो. त्या बाईला माणसाची पारखच नाय." भावाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दोष दर वेळी बाईंचा. आणि मी दर वेळी गप्प. माझ्या वाटणीचा दोष मी दुसऱ्या बाईच्या डोक्यावर राहू दिला, तोही दोन पावसाळे. बाईंनी त्यांच्याजवळ माझं नाव एकदाही काढलं नाही. आधी चुकले ती खात्रीनं. पण ही दोन वर्षं मी समजून उमजून काढली. त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

मग कळलं की बाई मुंबईला निघाल्यात आणि ही आमची शेवटची भेट. त्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आमच्यापुढे दोनच माणसं होती.

"आज इचारतो तिला," ते म्हणाले. "सोडणार नाय. माझ्यात काय दिसलं म्हणून खोटा ठरवलास, एवढं सांग म्हणावं."

"अहो, त्यांना नका विचारू."

"का? मला दारुड्या केलं तिनं."

"त्यांनी नाही. मी सांगितलं होतं. तुम्ही वजनाला गेलात तेव्हा."

 पुढचा माणूस आत गेला, बाहेर आला. दुसरा गेला.

"तू?"

"हो."

"पंगतीत दादा बोलला, तेव्हा तू हसलीस."

"हो."

"मी रोज तुझ्या हातचं अळणी खात होतो, आणि तू..." त्यांनी चप्पल काढली, पुन्हा घातली. मी हात त्यांच्या हाताजवळ नेला. त्यांनी आपला उचलून मांडीवर घेतला.

आम्हाला आत बोलावलं. बाईंनी पोट तपासलं, डोळे पाहिले, या विषाणूवरच्या नव्या गोळीविषयी सांगितलं. मग सवयीनं, मान वर न करता, तोच प्रश्न विचारला, जो त्या शेवटपर्यंत प्रत्येकाला विचारत राहिल्या.

"दारू वगैरे?"

ते उठून उभे राहिले. "मी वजनाला जाऊ का, बाई? म्हणजे तुम्हाला हिला इचारता येईल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी यांना सगळं सांगितलंय, हे त्यांना कळलं. ते दाराच्या कडीवर हात ठेवून उभे होते, पण दार उघडत नव्हते.

"बसा," मी म्हणाले. "तुमच्यासमोर सांगते."

ते परत येऊन खुर्चीवर बसले, माझ्याकडे तोंड करून.

"नाही," मी बाईंना सांगितलं. "कधीच नाही. तेव्हाही नाही. मी पाहिलं नव्हतं आणि तरी सांगितलं."

"भावालाबी सांग," ते म्हणाले.

दिवाळीला मी सांगितलं, पंगत बसली असताना. आणि आज इथे लिहिलं.