डोळ्यांची आखणी

आज कपाटाला ऑइलपेंट लावला आणि त्या वासाने मला तीसेक वर्षांमागच्या पेणला नेलं, सुलभाताईंच्या गणपतीच्या कारखान्यात. ताई मूर्तींचे डोळे आखायच्या. शिवाय आमच्यासारख्यांच्या, म्हणजे बाईवर जीव जडलेल्या बायकांच्या आणि पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांच्या, कवितांचं पुस्तक जुळवत होत्या. मी रोह्याहून एसटीने माझी कविता घेऊन गेले होते.

त्यांनी ती मोठ्याने वाचायला लावली. खाडी, मिठाच्या राशी, वारा आणि कुणाची तरी वाट बघणं.

"सगळं रंगवलंस गो, पण डोळे नाय आखलेस. वाट कुणाची बघतेस?"

माझे कान तापले. कुणालाच न सांगितलेलं नाव तोंडातून निसटलं. "शकूची. सायकलवरून येते. उतारावर दोन्ही हात सोडते."

"मग ती सायकल कुठाय कवितेत?"

आम्ही इतक्या हसलो की ताईंनी कुंचला खाली ठेवला. हसत्या हाताने डोळे आखता येत नाहीत. मी शाडूच्या पोत्यावर बसूनच कवितेत शकूला उतारावरून सोडलं आणि पुन्हा वाचलं.

तेव्हा वाटलं, ताई कविता सुधारतायत. आता कळतं, त्यांना ते नाव माझ्याच तोंडून ऐकायचं होतं.

समोरच्या गणपतीचे डोळे अजून कोरेच होते. माझी कविता त्याच्याआधी बघायला लागली होती.